चौदा मशीनचा तक्ता आणि रांगतं बाळ

प्रश्न

पत्र एका बाबांचं आहे. घरात पाच वर्षांची मुलगी, नुकताच रांगायला लागलेला दहा महिन्यांचा मुलगा, दाट केसांचा कुत्रा आणि एक मांजर. जमीन बहुतेक गुळगुळीत फरशीची, हॉलमध्ये एक जाड गालिचा, कापडी सोफा. बाळ कुठूनही येवो, मुठीत केसांचा पुंजका असतोच. मुलगी रात्री शिंकते, सकाळी तिचं नाक चोंदलेलं असतं. आजीचं म्हणणं, मांजर कुणाला तरी देऊन टाका. पत्नीला आपोआप केर काढणारा रोबो हवाय, कारण दोघांनाही वेळ नाही. बाबांना सगळ्यात जास्त ताकदीचं व्हॅक्युम क्लीनरचं मशीन हवंय. तीन आठवडे रात्री जागून त्यांनी चौदा मॉडेलांचा तक्ता केलाय आणि तो पत्रासोबत जोडलाय. वॅट, सक्शन, बॅटरी, वजन, लोकांनी दिलेले तारे, सगळं त्यात आहे. ठरत मात्र काहीच नाही. "एकदाच काय ते चांगलं मशीन घेऊन हा विषय संपवायचाय. कुठलं घेऊ तेवढं सांगा," असं लिहून खाली सही केलीय: केसाळ घरातला बाबा.

उत्तर

केसाळ घरातले बाबा,

तक्ता दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलते, कारण घोळ तिथेच आहे. विषय संपणार नाही. कुत्रा केस गाळत राहणार, मांजर अंग चाटत राहणार, बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालून बघणार. तुम्ही शोधताय ते मशीन नाहीच, सुटका आहे. ती कुठल्याच खोक्यात मिळत नाही. रोजचं काम थोडं हलकं करणारं काहीतरी मात्र मिळतं, आणि ते निवडायला तुमचे रकाने उपयोगाचे नाहीत.

तुमच्या तक्त्यात एक रकानाच नाही: हे मशीन बाहेर कोण काढणार? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, त्यातला हा प्रश्न. मी स्वतः यात पोळलेय. माझं पहिलं मशीन चांगलं धिप्पाड होतं. नव्याचे नऊ दिवस कौतुकाने चालवलं, मग ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलं. खाली काढायचं तर खुर्चीवर चढा, नळी जोडा, वायरचा गुंता सोडवा. तोवर मी झाडूने दोन खोल्या काढून मोकळी झालेली असायचे. वर्षभराने ते बहिणीला दिलं. तिच्याकडे ते दाराआड उभं असतं, नळी जोडलेलीच, आणि रोज चालतं. मशीन तेच, फक्त उभं राहायची जागा बदलली.

आता तुमचे आकडे. पहिला रकाना वॅटचा आहे आणि तुम्ही त्याच क्रमाने मशीन लावलीत. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते ते. खाल्लेलं अंगी किती लागतं हे त्यावरून कळत नाही. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये व्हॅक्युम क्लीनरना १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तेव्हा लोकांनी ओरड केली, पण कंपन्यांनी जमिनीला टेकणाऱ्या तोंडाची आणि हवेच्या वाटेची रचना सुधारून त्याच मर्यादेत काम करणारी मशीन काढली. त्याच युरोपात मशीनवर विजेच्या वापराचं जे लेबल लावायचे, त्याची चाचणी रिकाम्या डब्यावर आणि रिकाम्या पिशवीवर होत असे. घरात कुणाची पिशवी रिकामी असते? प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये कोर्टाने त्या लेबलचा नियमच रद्द केला. खोक्यावरचा आकडा आणि घरातला अनुभव यांत एवढं अंतर असू शकतं.

सक्शनच्या पास्कलचंही, म्हणजे ओढीचा दाब मोजणाऱ्या आकड्याचंही तसंच. नळीच्या तोंडावर तळहात ठेवून बघा, केवढी ओढ लागते! पण त्या क्षणी नळीतून हवा वाहतच नसते, आणि हवा वाहिली नाही तर एक केसही उचलला जात नाही. दाब आणि हवेचा ओघ दोन्ही लागतात. एअर वॅट हा आकडा दोन्ही मिळून काढलेला असतो. कुठे दिलेला दिसला तर तोच बघा आणि बाकीच्यांवर रात्री घालवू नका.

मुलीच्या शिंकांकडे येते, कारण माझ्या मते पत्रातली खरी काळजी ती आहे आणि बाकीचा तक्ता तिच्याभोवती विणलेला आहे. केस डोळ्यांना दिसतात म्हणून आपण सगळा राग केसांवर काढतो. मांजराची ॲलर्जी ज्यांना असते, त्यांना ती बहुतेक वेळा 'फेल डी १' नावाच्या प्रथिनाची असते. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे कण सुटतात. ते इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात आणि मांजर नसलेल्या घरांतही जाऊन पोचतात. सोफ्याखालून केसांचा हा एवढा लोळ ओढून काढला की बरं वाटतं, मलाही वाटतं, पण शिंका त्या लोळामुळेच येत होत्या असं नाही.

मुळात कारण मांजरच आहे हे तरी कुठे ठरलंय? रात्री शिंका आणि सकाळी चोंदलेलं नाक यामागे गादी-उशीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडेही असू शकतात. त्यामुळे मशीनच्या आधी डॉक्टर. तपासणीत काय निघतं त्यावर पुढचं ठरवा. आणि मुलीच्या छातीतून सूं सूं आवाज येत असेल किंवा तिला धाप लागत असेल तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका, आधी तिला दाखवून या.

आजींचं म्हणणं चुटकीसरशी उडवू नका. नात शिंकते आणि त्यांना बघवत नाही, एवढंच आहे ते. त्यांना एक सांगा: मांजर गेलं तरी त्याचं प्रथिन घरात कित्येक महिने राहतं. म्हणजे "आठवडाभर मांजर दुसरीकडे ठेवून बघू" या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. मुलगी शिंकतच राहील आणि मांजर उगाच निर्दोष ठरेल. त्यापेक्षा मांजराला मुलीच्या खोलीत आजपासून बंदी करा. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, त्यात माइट मरतात. नुसतं व्हॅक्युम फिरवून गादीतले माइट जात नाहीत, त्यांचे पाय कापडाला घट्ट धरून असतात.

इथे मशीनचा संबंध कुठे येतो ते सांगायला एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेत कँटन नावाच्या गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता. त्याला दमा होता, आणि रोजच्या गालिचे झाडण्यातून उडणाऱ्या धुळीने तो वाढत होता. १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि ते हूवर कुटुंबाने घेतलं. या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे एका खोकणाऱ्या माणसाने स्वतःसाठी केलेली सोय. फक्त त्या अभ्र्यातून बारीक धूळ परत बाहेर येतच असणार. स्वस्तातल्या कित्येक मशीनचं आजही तेच आहे. पुढून ओढायचं, मागून उडवायचं. ज्या घरात कुणी शिंकतं, तिथे हे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हणून तुमच्या घरासाठी वॅटपेक्षा महत्त्वाचा रकाना फिल्टरचा. खरा हेपा फिल्टर म्हणजे काय याची व्याख्या ठरलेली आहे. अमेरिकेतल्या मोजमापानुसार ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. युरोपातल्या वर्गवारीत एच १३ असं लिहिलेलं असतं, त्याची अट ९९.९५ टक्क्यांची. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' या शब्दांना असा कुठलाच आकडा बांधलेला नसतो. तुमच्या तक्त्यातल्या पाच मशीनपुढे नुसतं 'हेपा' लिहिलंय, त्यांची माहितीपत्रकं परत उघडा. आणि फिल्टर कितीही भारी असला तरी हवा त्याला वळसा घालून फटीतून सुटत असेल तर काय उपयोग? मशीन पूर्ण हवाबंद आहे असं कंपनी स्पष्ट लिहिते का, ते बघा. कुणाकडे वापरातलं मशीन बघायला मिळालं तर फिल्टरचं झाकण उघडा. रबरी कडेच्या पलीकडे राखाडी रेघ दिसली तर धूळ तिथून पळतेय.

पिशवी की डबा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत सरळ आहे. शिंका असलेल्या घरात पिशवी घ्या, काढताना तोंड आपोआप बंद होणारी. डब्याच्या मशीनमध्ये पिशव्यांचा खर्च वाचतो, कचरा दिसतो, बाळाने ढकलून दिलेलं कानातलं चटकन सापडतं. पण डबा उघडून कचऱ्यात उलटा केला की आत्ताच गोळा केलेलं सगळं तुमच्या तोंडावर येतं, आणि केसांचा बोळा आत अडकून बसतो तो बोटं घालून ओढावा लागतो. डब्याचंच मशीन घ्यायचं ठरलं तर ते घराबाहेर नेऊन, मोठ्या पिशवीच्या आत धरून रिकामं करा, आणि ते काम शिंकणाऱ्या माणसाकडे नको. पिशवीचा दोष म्हणजे कुत्र्याच्या केसांचा वास. अर्धीच भरली असली तरी वास यायला लागला की बदला. काटकसर दुसरीकडे करता येईल.

आता ब्रश. दुकानात सगळे मशीन चालू करून आवाज ऐकतात आणि मान डोलावतात. तुम्ही मशीन उलटं करा. ब्रशचा रोलर बाहेर कसा निघतो ते बघा. बोटाने खटका दाबून निघतो, की चार स्क्रू काढावे लागतात? केस रोलरच्या मधल्या भागापेक्षा दोन्ही टोकांना जास्त गुंडाळतात, जिथे तो फिरतो तिथेच. कुत्र्याचे आखूड केस त्यातल्या त्यात बरे, खरा फास घालतात ते घरातल्या बायकांचे लांब केस. महिन्याभरात तिथे लोकरीच्या गुंडीसारखी घट्ट पुंगळी तयार होते. कात्रीचं एक पातं तिच्याखाली सरकवून रोलरच्या लांबीने कापत जायचं, मग ती सालपटासारखी सुटून येते. हे काम स्क्रूड्रायव्हर शोधण्यापासून सुरू होणार असेल तर तुम्ही ते करणार नाही. मग एक दिवस रोलर अडेल आणि जळका वास येईल.

फरशीवर कडक दातांचा फिरता ब्रश मांजराच्या शी-शूच्या पेटीतल्या मातीचे दाणे पकडण्याऐवजी चहूकडे उडवतो. फरशीला मऊ रोलर किंवा ब्रश बंद करायची सोय हवी. गालिच्याला उलट फिरता ब्रशच हवा, आणि तोही मोटरवर फिरणारा. नुसत्या हवेच्या जोरावर फिरणारा ब्रश जाड गालिच्यात दबून थांबतो. सोफ्यासाठी हाताएवढा छोटा फिरता ब्रश सोबत मिळत असेल तर ते मशीन यादीत दोन पायऱ्या वर न्या. गालिच्यावर हळू चालवा. एक जागा सावकाश, जाताना आणि येताना, एवढ्याने जे निघतं ते भराभर पाच वेळा फिरवून निघत नाही. कधी पिसवा झाल्या तर हेच मशीन उपयोगी पडेल. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगात व्हॅक्युमने ओढलेल्या मोठ्या पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या, अळ्या आणि कोष तर सगळेच.

पत्नीच्या रोबोबद्दल. "दोघांनाही वेळ नाही" हे तिचं वाक्य तुमच्या अख्ख्या तक्त्यापेक्षा शहाणं आहे. फरशीवर रोज एकदा फिरणारा रोबो महिन्यातून दोनदा निघणाऱ्या राक्षसापेक्षा जास्त केस उचलेल. पण त्याचा डबा लहान, त्यामुळे केसाळ कुत्र्याच्या घरात तो अर्ध्या वाटेतच भरतो. सोफ्यावर तो चढत नाही. आणि पाच वर्षांच्या मुलीच्या घरात जमिनीवर काय काय असतं ते मी सांगायला नको, एक मोजा ओढला की स्वारी ठप्प. शिवाय जनावराने घरात घाण केली आणि रोबो त्यावरून गेला, तर तो ती खोलीभर सारवतो. हा विनोद नाही. आयरोबॉट कंपनीने २०२१ मध्ये अशी घाण ओळखून टाळणारं मॉडेल काढलं आणि टाळली नाही तर मशीन बदलून देऊ असं जाहीर केलं. किती घरांनी 'भीक नको, कुत्रा आवर' म्हटलं असेल, विचार करा. रोबो दुसरं मशीन म्हणून उत्तम. पहिलं आणि एकुलतं एक म्हणून तुमच्या घरात नाही. घेतलाच तर कुणी जागं आणि घरात असताना लावा.

हातात धरायची बिनवायरची मशीन पटकन निघतात, हा त्यांचा मोठाच गुण. तुमच्या तक्त्यात त्यांच्यापुढे 'एक तास' लिहिलंय. तो तास सगळ्यात हळू वेगाचा. पूर्ण जोरावर बहुतेकांची बॅटरी काही मिनिटांतच मान टाकते. मोटर मुठीपाशी असल्याने अडीच-तीन किलो मनगटावर येतात, कडेवर बाळ असेल तर तेवढंही फार. बॅटरी घरी बदलता येते का आणि सुटी मिळते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नका. ओलं पुसणाऱ्या मशीनबद्दल एवढंच, की घाण पाण्याची टाकी त्याच दिवशी धुतली नाही तर कुत्रा परवडला असा वास येतो. रांगत्या बाळासाठी आधी सुका केर काढून मग ओलं फडकं फिरवलं तरी भागतं.

आवाज तुम्ही तक्त्यात घेतलाच नाहीत. बाळ दुपारी झोपतं तेवढाच वेळ तुम्हाला मिळत असेल तर ८० डेसिबलच्या मशीनला हात लावायची हिंमत होणार नाही. दहा डेसिबल जास्त म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. कुत्र्या-मांजरांना तर आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही ऐकू येतात, मोटरची शीळ त्यांना आपल्यापेक्षा वेगळी लागत असणार. नवं मशीन आल्यावर दोन दिवस ते नुसतंच बंद उभं ठेवा, हुंगू द्या. मग लांबच्या खोलीत चालू करा आणि इकडे कुत्र्याला खाऊ द्या. त्याच्या मागे मशीन घेऊन धावण्याचा खेळ मुलीला शिकवू नका, हसू येतं पण कुत्रा कायमचा धसका घेतो.

मशीन लावण्याआधी जमिनीवरून एकदा नजर फिरवायची सवय मात्र लावून घ्या, आणि ती मशीनसाठी नाही, बाळासाठी. खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी बाळाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ती दिसण्याआधी मशीनने ओढून नेली तर नशीब, पण नशिबावर किती दिवस काढणार? ओलं काही, गरम राख, फुटलेला पाऱ्याचा दिवा किंवा थर्मामीटर यांच्यावर मशीन चालवायचं नाही. मांजराची बारीक माती सांडली तर आधी सुपली-झाडूने उचला, तिची पूड फिल्टर बुजवते. आणि धुतलेला फिल्टर पूर्ण सुकायला निदान चोवीस तास द्या. मी एकदा घाईने दमट फिल्टर बसवला होता. आठवडाभर घरात ओल्या कुत्र्याचा वास होता, आणि तेव्हा माझ्याकडे कुत्रा नव्हता.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? पिशवीचं, हवाबंद, खऱ्या हेपाचं, चाकांवर मागे येणारं मशीन घेतलं असतं, मोटरवर फिरणाऱ्या ब्रशसकट. ते आठवड्यातून दोनदा गालिचा, सोफा आणि मुलीच्या खोलीसाठी. रोजच्या केसांना मशीन लागतंच असं नाही. रबरी दातांचा झाडू फरशीवरचे केस ओढून त्यांची वळकटी करतो. रबरी हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावरून एका दिशेने फिरवला की केसांचे गोळे हातात येतात, आणि हे पाच वर्षांच्या मुलीला फार आवडतं. शिंकांचं निदान होईपर्यंत तिला मांजराच्या सोफ्यावर सोडू नका, कुत्र्याचा कोपरा द्या. आणि कुत्र्याला रोज दहा मिनिटं घराबाहेर विंचरा. जो केस विंचरताना निघाला तो गालिच्यावर पडणार नाही. हा रकाना कुठल्याच मॉडेलच्या पुढे नसतो.

यातलं काही विकत घेण्याआधी एक करा. निवडलेल्या मशीनच्या मापाचं रिकामं खोकं आणा आणि ते जिथे ठेवायचं ठरवलंय तिथे आठ दिवस ठेवा. प्लगजवळ, हाताशी, कपाटाच्या वर नाही. त्यावर कागद चिकटवा आणि रोज केर कुणी काढला, किती वाजता, तेवढं लिहा. आठ दिवसांनी तो कागद आणि तुमचा तक्ता पत्नीसमोर शेजारी शेजारी ठेवा. आठ दिवसांत खोक्याला तिघांजणांच्या ठेचा लागल्या तर चाकांचं मशीन विसरा आणि भिंतीला टांगायचं हलकं घ्या. आणि कुत्र्याने खोकं फाडून सगळीकडे पुठ्ठ्याचा चुरा केला, तर तो कुणी उचलला तेही कागदावर लिहा.